चौथ्या दिवशी बर्फावर

कराड
दि. ११ जानेवारी २०२६

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. खिशात फोन असताना अण्णांना कागद कशाला लागला म्हणशील. फोनवर माझा आवाज चढतो, हे तुझी आई तीस वर्षं सांगते आहे, बुधवारी तुलाही कळलं. कागदावर ओरडता येत नाही म्हणून कागद. खटावचा एक पोरगा सुट्टी संपवून लेहला परत चाललाय, त्याच्या हाती हे आणि आईचा डबा पाठवतोय. डब्यात तिळगूळ आहे. संक्रांत होऊन गेलेली असेल, तरी खा.

'उद्याच्या विमानाने परत ये' असं मी म्हणायला नको होतं. तू सव्वीस वर्षांची आहेस, फिजिओथेरपिस्ट आहेस, स्वतःच्या कमाईचं तिकीट काढून लेहला मुलींच्या आइस हॉकीच्या शिबिराला गेलीस. ते मला कळतं. पण तू पाठवलेला व्हिडिओ मी बघितला तेव्हा मला तू दिसलीच नाहीस गं. आधी वार दिसला. शनिवारी तू उतरलीस आणि मंगळवारी बर्फावर! आम्हाला फौजेत लेहला पाय ठेवला की सहा दिवस ठरलेले. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, जेवायला नि संडासला उठायचं तेवढंच. मग चार दिवस हळूहळू चालायचं. मेजर असो की स्वयंपाकी, कुणाला माफी नाही. आणि माझी मुलगी चौथ्या दिवशी पायाला पाती बांधून पळते आहे, पडते आहे, पोरी हसतायत, ही परत उठते आहे.

आमच्या पलटणीतल्या निवृत्तीचं तुला माहीत आहे. आईसमोर मी त्याचं नाव काढत नाही. तो काही नवखा नव्हता, दोन हिवाळे काढलेले होते. सुट्टीवरून परत आला आणि म्हणाला, मला सवय आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळला. रात्री कोरडा खोकला सुरू झाला, आडवं पडलं की वाढायचा, म्हणून भिंतीला टेकून बसला होता. आम्हाला वाटलं थंडी बाधली. हेपो म्हणतात त्याला, फुप्फुसात पाणी होतं. पहाटे त्याला एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. एवढंच. यावर आता परत लिहिणार नाही.

तू बुधवारी म्हणालीस, 'अण्णा, तुम्ही एकदाही विचारलं नाही की इथल्या पोरी कशा खेळतात.' हे खरं आहे, आणि दोन दिवस मी हेच डोक्यात घेऊन फिरतोय. म्हणून आबांच्या खोलीत बसून दिनूच्या पोराला फोनवर शोधायला लावलं. आपल्या देशाचा मुलींचा आइस हॉकी संघ २०१६ ला पहिल्यांदा देशाबाहेर खेळला, तैपेईला. संघात बहुतेक सगळ्या लडाखच्या, आणि जायला पैसे नाहीत म्हणून लोकांकडून वर्गणी काढलेली. अंगावरचं सामान पुरुष खेळाडूंचं, मागून आणलेलं.

वर्गणी म्हटल्यावर आपल्याला दुसरं काय आठवणार! पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. खाशाबा १९५२ ला हेलसिंकीला गेले ते असेच, गावोगावच्या पैशावर. कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. ब्राँझ घेऊन आले तेव्हा कराड स्टेशनापासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शंभराच्या वर गाड्या. त्यातली एक आपल्या आबांची होती, हे तू लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंस की तुझी आतासुद्धा मान हलली असेल. पण आबा पुढचं सांगायचे नाहीत, ते मी सांगतो. गाड्या घरी गेल्या आणि सरकार विसरलं. खाशाबा १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार आला २००० सालचा. माणूस जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. एकट्याने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकचं पहिलं पदक आणलेला माणूस, तोही पुरुष, त्याची ही तऱ्हा. मग बर्फावर हॉकी खेळणाऱ्या मुलींना कोण विचारतो? मी तुला नाउमेद करायला हे लिहीत नाही. कशासाठी लिहितोय ते मलाही नीट सांगता येणार नाही.

बँकॉकला २०१७ मध्ये त्यांनी फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं, ती पहिली जीत. तो व्हिडिओ आम्ही बघितला. राष्ट्रगीत लागल्यावर पोरी रडतायत. मी चष्मा पुसायला उठलो तर तुझी आई म्हणाली, बसा, मलाही दिसत नाहीये. गेल्या जूनमध्ये अल ऐनला आशिया कपात ब्राँझ मिळालं, हे तूच तेव्हा फोन करून सांगितलं होतंस. मी दुसऱ्या दिवशी पेपर उघडून शोधलं होतं, हे मात्र तुला सांगितलं नव्हतं. आतल्या पानावर, क्रिकेटच्या खाली चार ओळी होत्या. कापून ठेवल्यात.

तू म्हणतेस पहाटे पाचला मैदान मिळतं म्हणून मुली चारला उठतात. दिवसा मोठ्यांचे सामने असतात, आणि तसाही पहाटेचा बर्फच कडक असतो. रात्री पाणी मारून थर चढवतात, तेही त्याच पोरी. आपल्याकडे उसाला रात्रीची लाईट येते म्हणून माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, तसंच हे. फक्त तिथे शून्याच्या खाली पंधरा. आणि एवढं करून बर्फ टिकणार दोन महिने. देहरादूनला २०११ मध्ये छपराखालचं रिंक बांधलं होतं, तेही वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. दहा महिने चाकाचे स्केट घालून रस्त्यावर सराव करायचा आणि मग बारमाही रिंकवर वाढलेल्या मुलींशी जाऊन भिडायचं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी नुसतं उंचीचं बोलत राहिलो.

रात्री खोलीत बुखारीची शेगडी पेटवता का? पेटवली तर झोपायच्या आधी विझवायची आणि खिडकी दोन बोटं उघडी. थंडी वाजली तरी चालेल. हे उंचीचं नाही, धुराचं आहे, म्हणून लिहिलं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. १९९८ चा फेब्रुवारी. लेहला कर्झूच्या तळ्यावर आमच्या पलटणीतले काही जण खेळायला जायचे. खरे स्केट दोघांकडे होते. बाकीच्यांनी वर्कशॉपमधून पत्र्याची पाती कापून बुटांना जोडून घेतलेली, आणि गोलकीपरच्या पायाला क्रिकेटची पॅडं. मी खेळायचो नाही, मला बर्फावर सरळ उभंही राहता यायचं नाही. मी कडेला बसून चहाची किटली सांभाळायचो. तिथे एक मुलगी यायची, दहा-बारा वर्षांची, गाल फुटून लाल झालेले. भाऊ खेळायचा, ही त्याचे बूट धरून बसायची. एक दिवस खेळ थांबला तेव्हा ती आमच्या एका जवानापाशी आली आणि हाताने खूण केली, काठी दे. तो हसला. सगळे हसले. मीही हसलो. तिने आमच्याकडे बघितलं, भावाचे बूट उचलले आणि परत कडेला जाऊन बसली. मी तिला चहा दिला. मला वाटलं, मी चांगलं वागलो.

दिनूच्या पोराने परवा फोनमधून वाचून दाखवलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची आइस हॉकी १९२० पासून, बायकांची पहिल्यांदा नागानोला, १९९८ च्या फेब्रुवारीत. मी त्याला परत वाचायला लावलं. म्हणजे आम्ही तळ्याकाठी हसत होतो त्याच महिन्यात तिकडे जपानात बायका पदकासाठी खेळत होत्या. त्यांत कॅनडाची ती हेली विकेनहायझर होती. चार सुवर्णपदकं तिने पुढे मिळवली. तीच बाई वीस वर्षांनी, २०१८ च्या जानेवारीत लेहला आली आणि त्या मुलींबरोबर बर्फावर उतरली. त्याच वर्षी त्यांना कॅनडालाही बोलावून घेतलं. माझ्या मनात काय आलं सांगू? ती लाल गालांची तोवर तिशीची झाली असेल. काठावर होती का त्या दिवशी? की तिच्या मुलीला घेऊन आली होती?

आणि मग तुझा खो-खोचा फॉर्म आठवला. नववीत होतीस. शिबिर बारा दिवसांचं, तेही लांब, मुलींच्या राहण्याची सोय काय ते माहीत नाही, मी सही केली नाही. तू काही बोलली नाहीस. दोन वर्षांनी रिओला माणच्या ललिता बाबरची शर्यत टीव्हीवर लागली, आपण सगळे बसलो होतो. दिनू म्हणाला, हिनेही खो-खोपासून सुरुवात केली. तू मध्येच उठून आत गेलीस. आई म्हणाली, डोकं दुखत असेल. मला कळलं होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणून तुला परत ये म्हणताना माझी जीभ कुठून वळली ते तू ओळखलंस आणि फोन ठेवलास. बरोबर केलंस. बापाचा फोन मध्येच ठेवू नये, हेही बरोबर आहे. दोन्ही लक्षात ठेव.

आत्याबाईंचं मनावर घेऊ नकोस. त्या सगळ्यांना सांगत सुटल्यात की अश्विनी बर्फात जाऊन मालिश करते. उंब्रजच्या स्थळानेही तेच विचारलं, तिकडे नक्की काय करते? मी म्हटलं, देशाकडून खेळणाऱ्या मुलींचे गुडघे तिच्या हातात आहेत. ते गप्प झाले. नंतर वाटलं जरा फुगवून सांगितलं, कारण तू तर म्हणाली होतीस की शिबिरातल्या निम्म्या मुली शाळकरी आहेत. पण मागे घेतलं नाही. स्थळाकडून अजून काही कळलेलं नाही, आणि आईने आता विचारणं सोडलंय.

तू जांघेच्या स्नायूचं सांगत होतीस ते मला फारसं कळलं नाही. बर्फावर पाय मागे न ढकलता बाहेरच्या बाजूला ढकलायचा, म्हणून आतला स्नायू धरतो, असंच ना? मी खाटेच्या कडेला उभा राहून करून बघितलं. आईने बघितलं. बायकांच्या खेळात अंगावर धडक देऊन पाडायला बंदी आहे हे वाचून बरं वाटलं, पण मग दिनूचा पोरगा म्हणाला, धडक न देताही वेगात आपटतातच, आणि चेंडूच्या जागी असतो तो पक म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वरचा कडक रबर. त्याला मी उठून जायला सांगितलं. तू शिकते आहेस तर शीक. हेल्मेटशिवाय मात्र पाच मिनिटंही नको. मुलींना दाखवायला म्हणूनसुद्धा नको.

पत्र लांबलं. मी एक पान ठरवलं होतं.

खाली लिहिलंय ते उपदेश म्हणून नाही, ड्यूटी म्हणून वाच. पाणी पीत राहा, तहान लागत नाही म्हणून थांबू नकोस. रात्री आडवं झाल्यावर खोकला आला, बसल्या जागी दम लागला, डोकं गोळीने थांबलं नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. हिवाळ्यात तिथून खाली उतरायच्या रस्त्याचा भरवसा नाही, घाट कधीही बंद होतात, विमान तेवढं खरं. म्हणून आधीच बोलायचं. तू म्हणशील आज नववा दिवस आहे, धोका गेला. निवृत्तीही असंच म्हणायचा. बघ, लिहिणार नव्हतो.

डब्यात शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि मुलींसाठी चिक्की जास्तीची ठेवली आहे. किती जणी आहेत ते तू सांगितलं नाहीस, म्हणून आईने वीस धरल्या. खाली माझे लोकरीचे दोन जोड मोजे आहेत. जुने आहेत पण त्याच थंडीतले आहेत.

व्हिडिओ परत पाठव. मी त्या दिवशी पुसून टाकला होता.

तुझे,
अण्णा

ता. क. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आहे. सकाळ-संध्याकाळ आकडा कळव, फोन करायला वेळ नसला तर नुसता आकडा टाक. आणि मुलींच्या बोटांनाही लाव. त्या हसतील, त्यांना गरज नाही, तरी लाव.