लग्नाचा गाऊन आणि घाईचे डाएट

महोदय,

मुंबईत माप द्यायचे, गाऊन थेट गावी आणायचा आणि मधल्या महिन्यात पेज-भात तोडून पाच-सहा किलो उतरवायचे, असे मे महिन्यातल्या लग्नांत हमखास दिसते. हाल गाऊनचे होतात, त्याहून जास्त मुलीचे.

कंबर दोन इंचांहून जास्त आत घेतली की टक (अंगाच्या आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) जागा सोडतात, मुंढा (बाही जोडतात तो खांद्याचा घेर) बिघडतो, चेन वाकडी उठते. सैल करायचा तर शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड, हवी. सॅटिनवर तरीही जुन्या टाक्यांची भोके दिसतातच. म्हणून वजन तीन-चार महिने आधीपासून, आठवड्याला अर्ध्या किलोच्या बेताने उतरवावे आणि शेवटचे तीन आठवडे स्थिर ठेवावे. शेवटची फिटिंग आठ-दहा दिवस आधी, लग्नातलीच चप्पल आणि आतले कपडे घालून. तळाची पट्टी त्यानंतरच दुमडायची. बसून, हात वर करूनही पाहावे. अस्तर सुतीच घ्यावे.

उपासमारीने केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. आपल्या दमट उकाड्यात पाणी कमी पिणे तर सरळ धोक्याचे. भात वाटीभर ठेवा. कुळथाची पिठी आणि कालवणातले मासे मुळीच तोडू नका.

– एक शिवणकाम शिक्षिका, वेंगुर्ले