पाच चॅनेल, साठ टिक

प्रिय निखिल,
सप्रेम नमस्कार.

चिपट्यून, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाज-चिपवरचं संगीत, शिकायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. माझं मत ठाम आहे: एकच चिप धर आणि निदान चार-पाच चाली होईपर्यंत ती सोडू नकोस. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्रामधली (जपान, १९८३) रिको कंपनीची २ए०३ चिप घे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. त्यामुळे हा आवाज तुझ्या कानात आधीच आहे. (त्यातल्या बऱ्याच नकली चिपांमध्ये २५ आणि ५० टक्क्यांच्या ड्यूटीची, म्हणजे तरंग किती टक्के वेळ वर राहतो त्याची, अदलाबदल झालेली असते. मूळ यंत्रावरची चाल ऐकून आवाज ओळखीचा पण थोडा वेगळा वाटला, तर कारण बहुधा हे.)

सॉफ्टवेअर म्हणून डीएन-फॅमिट्रॅकर उतरवून घे. फुकट आहे, विंडोजवर चालतं. ट्रॅकरची, म्हणजे असे स्वर लिहायच्या सॉफ्टवेअरची, मांडणी १९८७ साली अमिगासाठी आलेल्या कार्स्टन ओबार्स्कीच्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून फारशी बदललेली नाही: चॅनेलचे उभे रकाने आणि वरून खाली सरकणाऱ्या ओळी. स्पेस बार दाबला की लिहिणं सुरू होतं. झेडच्या रांगेत खालचं सप्तक, क्यूच्या रांगेत वरचं. कळफलकाची सवय दोन दिवसांत होईल, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरं शिकायचं आहे ते टिक. हे यंत्र सेकंदाला ६० वेळा आवाज बदलू शकतं, त्यातला एक बदल म्हणजे एक टिक, त्याहून बारीक काही नाही. स्पीड ६ म्हणजे एक ओळ ६ टिकची, म्हणजे सेकंदाला १० ओळी. चार ओळींची एक मात्रा धरलीस तर मिनिटाला १५० मात्रा होतात. स्पीड १२ केलास तर ७५. पॅटर्न, म्हणजे ओळींचा एक गठ्ठा, मुळात ६४ ओळींचा असतो, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन त्यात बरोबर बसतं. रूपकासाठी २८ ओळी ठेव, झपतालासाठी ४०.

गडबड होते ती टेम्पोच्या, म्हणजे स्पीडखेरीजच्या दुसऱ्या वेगाच्या, आकड्यात. तो १५० वरून १४० केलास, तर एका ओळीला ६.४३ टिक लागतात. अर्धा टिक यंत्राला देता येत नाही. मग काही ओळी ६ टिकच्या, काही ७ च्या होतात आणि ठेका लंगडतो; ढोलाच्या आवाजात ते लगेच कळतं. टेम्पोला हातच लावू नकोस, फक्त स्पीड बदल. स्पीड ५ ला १८०, ७ ला साधारण १२८. झोल, म्हणजे एक ओळ लांब आणि पुढची आखूड, हवाच असेल तर इफेक्टच्या रकान्यात एका ओळीवर एफ०७ (स्पीड ७) आणि पुढच्या ओळीवर एफ०५ लिही. जोडी १२ टिकचीच राहते, म्हणून लय बिघडत नाही.

आता चॅनेल. दोन पल्स (चौकोनी तरंग), एक ट्रँगल (त्रिकोणी तरंग), एक नॉइज (खरखर) आणि एक डीपीसीएम (ध्वनिमुद्रित नमुने). पल्सला १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के ड्यूटी मिळते. २५ आणि ७५ कानाला सारखेच लागतात. मुख्य सुरावटीला २५ दे, साथीला १२.५. आवाज ० ते १५ एवढाच. इन्स्ट्रुमेंट उघडून व्हॉल्यूमच्या जागी लिही: १५ १२ १० ८ ७ ६ ५ ४ ३ २ १ ०. प्रत्येक आकडा एका टिकचा, त्यामुळे हा सूर पाव सेकंदाच्या आत विरतो. टिकवायचा असेल तर शेवटी ० न लिहिता ६ वर थांब.

स्वरमेळासाठी वेगळं चॅनेल खर्च करू नकोस. ०४७ हा इफेक्ट (४ आणि ७ म्हणजे सा पासून तितके अर्धस्वर वर) दिलास की तो एकच पल्स सा, ग, प हे तीन स्वर एकेका टिकला फिरवतो. ०३७ दिलास की कोमल गंधार. इफेक्ट आपोआप बंद होत नाही. पुढे ००० लिहायला विसरलास तर तुझी सगळी सुरावट थरथरत राहील. सुरुवातीला सर्वांत जास्त वेळ जातो तो याच शोधात.

मींड तुला नक्की हवी असणार, पेटीवर मिळत नाही म्हणून तर जास्तच. ती ३ नंबरच्या इफेक्टने येते. पण चिप सूर मोजते तो तरंगाच्या लांबीच्या आकड्यात, वारंवारितेत नव्हे. ४४० हर्ट्झच्या ए स्वराचा, तुझ्या पेटीवरच्या पांढरी सहाचा, आकडा २५३ आहे, त्यापुढच्या बी स्वराचा २२५. अंतर २८. ३०२ लिहिलंस (३ हा इफेक्ट, ०२ वेग) तर टिकला २ प्रमाणे १४ टिक लागतात. वरच्या सप्तकात हेच अंतर १४ उरतं आणि तीच मींड निम्म्या वेळात उरकते. म्हणून वर गेलास की आकडा कमी कर.

याच्याच पोटात एक खोड आहे. लांबीचा आकडा २५५ ओलांडून २५६ झाला, की चिपमध्ये वरचा बाइट नव्याने लिहावा लागतो आणि पल्सचा तरंग पहिल्यापासून सुरू होतो. कानाला बारीक ‘टक्’ येतो. २५३ त्या सीमेला खेटून आहे, त्यामुळे त्याच ए स्वरावर कंप दिलास तर टकटक सुरू होते. कंपाची खोली कमी कर, किंवा अख्खी चाल एक स्वर वर घे. जी स्वरापासून ए स्वरापर्यंत मींड घेतलीस तर तो एक टक् येणारच. त्यावर नॉइजचा ठोका ठेव, झाकला जातो.

ट्रँगलला आवाजाची पातळीच नाही: चालू किंवा बंद. तोच स्वर लिहिलास तरी तो पल्सपेक्षा एक सप्तक खाली वाजतो, म्हणून खर्ज इथे. डग्ग्यासारखा ठोकाही इथेच निघतो: इन्स्ट्रुमेंटमध्ये अर्पेजिओच्या (स्वर फिरवण्याच्या) जागी १२ ६ ०, तीन टिकमध्ये सूर खाली पडतो आणि नंतर पुन्हा खर्ज. खर्जाचा तेवढा तुकडा गेलेला कुणाला जाणवत नाही. त्याच ओळीवर नॉइजमध्ये मधल्या उंचीचा आवाज (व्हॉल्यूम १२ ८ ५ ३ १ ०) ठेवलास की ठोक्याला धार येते.

डीपीसीएम सध्या बाजूला ठेव. नमुना जास्तीत जास्त ४,०८१ बाइटचा, सर्वांत वरच्या दराने जेमतेम एक सेकंद. तबल्याचा ‘ना’ त्यात खरखरतो. शिवाय नमुना संपताना पातळी वर अडकली तर ट्रँगल आणि नॉइज दबतात. तेव्हा झेड०० लिहून ती शून्यावर आणावी लागते.

पहिली चाल भूपात कर: मध्य लय, स्पीड १२, दोन आवर्तनं. पहिल्या पल्सवर सुरावट, दुसऱ्यावर तीच तीन ओळी उशिरा आणि व्हॉल्यूमच्या रकान्यात ५. खोलीत घुमल्यासारखी लागते. झाली की मला एनएसएफ (फक्त वाजवायची फाइल) नको, मूळ फाइल पाठव. इन्स्ट्रुमेंटांचे आकडे मला बघायचे आहेत.

तुझा,
मंदार