कुर्डुवाडीचा फोटो मूर्तिजापूरचा कसा झाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत जुन्या रेल्वेच्या छायाचित्रांचे जे पान आपण दिले, त्यात तळाशी उजव्या कोपऱ्यातील छायाचित्राखाली ‘मूर्तिजापूर स्थानकात उभी असलेली शकुंतला, १९२५’ अशी ओळ आहे. ते स्थानक मूर्तिजापूर नाही, ती गाडी वऱ्हाडातली शकुंतला नाही आणि ते वर्षही १९२५ नाही. इंजिनाच्या पायरीवर हातात तेलाचा डबा घेऊन उभे असलेले तरुण गृहस्थ माझे वडील आहेत. त्यांचा जन्म १९३६ सालचा.

हे छायाचित्र कुर्डुवाडीचे आहे आणि ते १९६२ साली आषाढीच्या आधीच्या आठवड्यात काढलेले आहे. वडील त्या वेळी बार्शी लाईट या कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेवर फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते. आषाढी जवळ आली की कुर्डुवाडीहून पंढरपूरला जादा गाड्या सुटत, डब्यांच्या टपावरही वारकरी बसलेले असत आणि शेडमधली माणसे दोन-दोन दिवस घरी येत नसत. अशाच एका सकाळी बाजारपेठेतला एक फोटोग्राफर वारकऱ्यांचे फोटो काढायला फलाटावर आला होता. रेल्वेच्या आवारात परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई होती. स्टेशनमास्तरांनी त्या दिवशी कानाडोळा केला, असे वडील सांगत. ड्रायव्हरने फोटोग्राफरला इंजिनाजवळ बोलावून घेतले आणि गाडी सुटायच्या आत एकच फोटो निघाला. त्यात ड्रायव्हर आहेत, वडील आहेत आणि डाव्या कडेला, गुंडाळलेली निशाणे काखेत धरून उभे असलेले एक सांधेवाले (रुळांचे सांधे बदलणारे कर्मचारी) आहेत. वडिलांनी फोटोच्या पाठीवर जांभळ्या शिसपेन्सिलीने स्थानक, वर्ष, इंजिनाचा क्रमांक आणि तिघांची नावे लिहून ठेवली. चौतीस वर्षांच्या नोकरीतला त्यांचा इंजिनासोबतचा हा एकमेव फोटो आहे.

फोटोची पाठ आपल्यापर्यंत पोहोचली नसेल, हे मी समजू शकतो. पण पुढची बाजू तरी कोणीतरी भिंग घेऊन पाहायला हवी होती. मागच्या डब्यावर ‘म. रे.’ ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. मध्य रेल्वे स्थापन झाली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, आणि बार्शी लाईट १९५४ पर्यंत खासगी कंपनीकडे होती. तिच्या डब्यांवर ही अक्षरे येणे १९५४ च्या आधी शक्य नव्हते. त्याच डब्याच्या दाराशेजारी तिसऱ्या वर्गाचा आकडा आहे, आणि तिसरा वर्ग रेल्वेने १९७४ साली बंद केला. म्हणजे पाठीवरचा एक शब्दही न वाचता हा फोटो १९५४ ते १९७४ या वीस वर्षांतला आहे, एवढे कोणालाही ठरवता आले असते. १९२५ हे वर्ष कोठून आले, ते मला कळलेले नाही. फोटो काळा-पांढरा आणि इंजिन वाफेचे, म्हणून तो ब्रिटिशांच्या काळातला, अशी समजूत हल्ली फार पसरली आहे. शकुंतला स्वतः १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती, याची आठवण आपल्या वऱ्हाडातील वाचकांना नक्की असेल.

शकुंतला आणि बार्शी लाईट यांची गल्लत होऊ शकते, हे मी मान्य करतो. दोन्ही अडीच फुटी नॅरोगेजच्या, दोन्हीकडे मँचेस्टरच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्याची इंजिने, पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ मोठी, मागे पुन्हा दोन लहान. ‘म. रे.’ ही अक्षरेही येथे उपयोगी पडत नाहीत, कारण शकुंतलेची मालकी खासगी कंपनीची असली तरी गाडी मध्य रेल्वेच चालवत असे. पण मूळ फोटोत इंजिनाच्या मागे स्थानकाची पाटी आहे आणि तिच्यावर ‘कुर्डुवाडी’ असे लिहिलेले आहे. आपण डावीकडून फोटो कापल्यामुळे पाटीवर ‘वाडी’ एवढीच अक्षरे उरली आहेत, आणि तरीही खाली मूर्तिजापूर असे छापले गेले. हे मला सर्वांत जास्त लागले. खुणा अस्पष्ट होत्या असे म्हणायची येथे सोय नाही; पाटी वाचता येत होती आणि ती कोणी वाचली नाही.

हा फोटो घराबाहेर कसा गेला, तेही सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका संस्थेने जुन्या रेल्वेच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. त्यासाठी फोटो द्यावा, असे तेथील कार्यकर्ते घरी येऊन सांगून गेले. वडील त्या वेळी हयात होते. त्यांनी स्वतः नातवाबरोबर जाऊन फोटो दिला आणि पाठीवरचा मजकूरही सोबत लावावा, असे बजावले. प्रदर्शनात खाली ‘नॅरोगेज रेल्वे’ एवढेच लिहिलेले होते. मूळ फोटो परत मिळवायला मला पाच महिने खेपा घालाव्या लागल्या, आणि मिळाला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टीचा डाग पडलेला होता. त्यानंतर त्याची पुढच्या बाजूची नक्कल लोकांच्या फोनवर फिरू लागली. एकदा ती मला ‘माथेरानची राणी’ म्हणून आली. माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते आणि तिची ती जर्मन बनावटीची जुनी इंजिने सहा चाकांची, आखूड होती. या फोटोत नुसती मोठी चाकेच आठ आहेत. एकदा ती ‘भारतातील पहिली रेल्वे’ म्हणून आली. प्रत्येक वेळी मी पाठवणाऱ्याला खरे काय ते लिहून कळवले. उत्तरादाखल बहुतेकांनी नमस्काराचे हात पाठवले आणि फोटो तसाच पुढे गेला. वर्तमानपत्रात तरी असे होणार नाही, असे मी धरून चालत होतो.

आपण फोटोला रंगही दिला आहे. यंत्राने दिलेला हा रंग असावा, कारण इंजिन हिरवे आणि वडिलांचा सदरा केशरी झाला आहे. इंजिन काळे होते. वडिलांचा सदरा निळ्या जाड कापडाचा होता. तो कोळशाने इतका माखून यायचा की आई तो घरातल्या कपड्यांत न मिसळता वेगळा भिजवत असे. रंगीत चित्र पाहून वाचकाला ते खरे वाटणार, आणि उद्या कोणी त्यावरून बार्शी लाईटची इंजिने हिरवी होती, असे लिहिणार. रंग द्यायचाच असेल, तर तो नंतर दिलेला आहे, हे खाली छापले पाहिजे, आणि मूळ चित्र शेजारी असले पाहिजे.

छायाचित्राच्या श्रेयाच्या जागी आपण ‘संग्रहित’ असे छापले आहे. हा संग्रह कोणाचा, असा माझा प्रश्न आहे. फोटो आमच्या घरी लाकडी पेटीत, वडिलांच्या सेवापुस्तिकेबरोबर आहे. फोटोग्राफर कुर्डुवाडीचे होते आणि त्यांच्या दुकानाचा शिक्का फोटोच्या पाठीवर आहे. या दोघांपैकी कोणालाही आपण विचारले नाही. ‘संग्रहित’ हा शब्द छापला की विचारण्याची गरज संपते, असे आपल्या कार्यालयात मानले जात असावे. मला मोबदला नको आहे. त्या शिक्क्यावरचे नाव छापून यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पानाच्या मथळ्याबद्दलही लिहितो, कारण तो वाचून आईला वाईट वाटले. ‘रेल्वेचे सोनेरी दिवस’ असे आपण वर मोठ्या अक्षरांत छापले आहे. फायरमनचे काम म्हणजे समोर पेटलेली भट्टी, पायाखाली हलणारा पत्रा आणि हातात फावडे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात त्या भट्टीसमोर आठ-दहा तास उभे राहिल्यावर वडिलांना रात्री पाणीसुद्धा गिळवत नसे. त्यांना त्या इंजिनाचा अभिमान होता, त्याच्या शिटीवरून ते कोणते इंजिन आहे हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगत, पण त्या दिवसांना सोनेरी म्हटलेले मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही.

बार्शी लाईटचे नाव पुसले जाऊन तेथे दुसऱ्या गाडीचे नाव येणे ही बारीकसारीक चूक आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून थोडे लिहितो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू केली, तेव्हा प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा नियम त्यांनी इंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्वांना लावला. हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्यांना दाखवायचे होते. गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. आज तेथे सर्वत्र ब्रॉडगेज आहे. लातूरची जुनी वाट धाराशिवला बाजूला ठेवून येडशीवरून जात असे. ब्रॉडगेज करताना ती वळवून धाराशिवला नेली, त्यामुळे काही ठिकाणी जुन्या मार्गाची जागाही बदलली आहे. जिचे रूळ उरले नाहीत, त्या गाडीच्या बाबतीत असा प्रत्येक फोटो हा पुरावा असतो, आणि त्याच्यावर चुकीचे गाव छापणे म्हणजे तो पुरावा नासवणे आहे.

सोबत मूळ फोटोच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंच्या नकला पाठवत आहे. दुरुस्ती आतल्या पानावर चार ओळींत न देता त्याच पुरवणीत, त्याच आकारात, न कापलेला आणि न रंगवलेला फोटो छापावा, ही विनंती. आपण डावी बाजू कापलीत, त्यात पाटीवरच्या अर्ध्या नावाबरोबर ते सांधेवालेही गेले. वडिलांनी पाठीवर त्यांचे फक्त पहिले नाव लिहिलेले आहे, आडनाव कोणाला आठवत नाही, आणि १९६३ साली त्यांची बदली मिरजेकडे झाली, एवढेच वडील सांगत असत. त्यांच्या घरी त्यांचा निशाणे घेतलेला फोटो असेल की नाही, कोणास ठाऊक. पूर्ण फोटो छापला, तर त्यांच्या मुलानातवंडांपैकी कोणीतरी तो ओळखेल. तसे कोणी आपल्याकडे चौकशी केल्यास माझा पत्ता त्यांना जरूर द्यावा. त्यांच्यासाठी एक प्रत मी काढून ठेवली आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर
(नाव व पत्ता कार्यालयास कळवला आहे.)