चिकूचे पाच लाख

प्रिय आई-बाबा,

काल फोनवरचं बोलणं चिडचिडीत संपलं, म्हणून लिहितेय. बाबा, पत्र मध्येच आईच्या हातात देता येत नाही.

नाशिकच्या इंदिरानगरचं घर विकायला काढून ११ महिने झाले. एजंटच्या भाषेत ९ ‘पार्ट्या’ येऊन गेल्या आणि आईने नऊही पार्ट्यांना चहा पाजला. बाबा, तुम्ही प्रत्येकाला स्लॅबची गोष्ट सांगता: १९९३ साली प्रेसची पहिली पाळी गाठायच्या आधी रोज पाइप धरून स्वतः पाणी मारलंत ती. समोरचा मात्र पश्चिमेच्या भिंतीची ओल बघत असतो, नाहीतर दोन गाड्या बसतील का म्हणून पावलांनी अंगण मोजत असतो. दिवाळीत आलेले ते गृहस्थ ७२ लाखांवर तयार होते. “चिकू काढला की पार्किंग होईल,” एवढंच म्हणाले. आई कपबशा उचलून आत गेली आणि तुम्ही ८० वरून थेट ८५ वर गेलात! ते पाच लाख कसले, हे मी एजंटला अजून समजावू शकलेले नाही.

“कुंभमेळा होऊ दे, भाव चढतील” हे २०१५ च्या सिंहस्थातही तुमच्याकडून ऐकलंय. २०२७ साठी रस्ते होतील, घाट होतील. पण आपल्याच गल्लीतली आणखी दोन रो-हाऊस पाटी लावून तीच वाट बघताहेत. आणि आई जूनपासून हॉलमधल्या दिवाणावर झोपतेय, कारण बेडरूम वर आहे. हे मला तिने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं.

शिवाय आपण नुसतं विकत नाही, घेतोही आहोत. गंगापूर रोडच्या त्या लिफ्टवाल्या टू बीएचकेचा मालक गेल्या वर्षी ६० म्हणत होता, आता ५४ वर आलाय. इकडे सोडलेलं तिकडे बरंचसं वसूल होतंय. भाव चढले तर तोही चढणारच.

मात्र वाटेल तेवढं खाली यायचं नाही. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरांप्रमाणे, आपलं मूल्यांकन ७८ लाख निघतंय. ते विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त असलं तर चालतं. त्याहून जास्त फरक पडला, तर हातात ७० आले तरी करासाठी नफ्याचा हिशेब ७८ धरूनच होतो. म्हणून ७१ च्या खाली उतरायचं नाही. घर जुनं असल्याने नफा मोजताना मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, ते व्हॅल्युअरकडून काढून घेऊ. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे सरकारात भरायचा कर, आधीच कापेल, तेव्हा कमी पैसे दिले म्हणून त्याच्याशी भांडू नका. रिटर्नमध्ये तो जमा धरतात. आणि “दहा लाख रोख घ्या” म्हणणाऱ्याला, आई, चहासुद्धा नको.

त्या ७२ वाल्यांना मी आज फोन केला. अजून घेतलेलं नाही त्यांनी. रविवारी ११ वाजता येताहेत, मी शनिवारी रात्री पोहोचते. ट्रंकेतलं मूळ खरेदीखत, पूर्णत्वाचा दाखला आणि घरपट्टीच्या पावत्या काढून ठेवा. बाबा, ओलीवर घाईने रंग मारू नका, येणारा बोट लावून बघतोच. त्यांच्याशी बोलणं मी करेन. तुम्ही स्लॅबचं सांगा.

तुमची,
धाकटी