चार शुभवर्तमानांची एकच कथा करू नये

महोदय,

उत्तम शुक्रवार जवळ आला की येशूने क्रुसावरून काढलेल्या 'सात उद्गारां'वर वृत्तपत्रांतून लेख येतात, आणि चर्चमध्येही दुपारी बारा ते तीन या वेळात त्याच सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. मात्र हे सातही उद्गार बायबलमधील येशूच्या चार चरित्रकथांपैकी, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांपैकी, कोणत्याही एकात नाहीत, हे त्या लेखांत सहसा सांगितले जात नाही. मार्क आणि मत्तय यांच्याकडे एकच उद्गार आहे, लूककडे तीन आणि योहानाकडे निराळेच तीन. सात हा आकडा नंतरच्या वाचकांनी केलेल्या बेरजेचा आहे.

मार्कने सांगितलेला मृत्यू विलक्षण एकाकी आहे. शिष्य पळून गेले आहेत, येणारे-जाणारे टोमणे मारत आहेत, दोन्ही बाजूंना क्रुसावर दिलेले गुन्हेगारही त्यात सामील आहेत, आणि येशू बायबलमधील 22व्या स्तोत्राच्या आरंभीचे "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" एवढेच शब्द उच्चारून मोठ्या आरोळीनिशी प्राण सोडतो. लूकच्या कथेत मात्र त्या दोन गुन्हेगारांतला एक पश्चात्ताप करून सुखलोकाचे वचन मिळवतो, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली जाते (काही प्राचीन हस्तलिखितांत हे क्षमेचे वाक्य नाही, हेही लक्षात ठेवावे) आणि येशू आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. योहानाचा येशू तर आईची सोय लावून, "पूर्ण झाले आहे" म्हणून मान लववतो, जणू हाती घेतलेले काम त्याने तडीस नेले आहे. हे सारे एका माळेत ओवले की मार्कमधल्या त्या आक्रोशावर पुढच्याच वाक्यात फुंकर घातली जाते, आणि मार्कला जे सांगायचे होते ते ऐकूच येत नाही.

मृत्यूच्या दिवसाचेही तसेच आहे. पहिल्या तिघांच्या मते शेवटचे भोजन हे वल्हांडण या यहुदी सणाचे भोजन होते. योहानाच्या मते वल्हांडण अजून यायचे होते आणि येशूला क्रुसावर दिले ते तयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात सणासाठी कोकरे कापली जात त्या दिवशी. ज्या लेखकाने पहिल्याच अध्यायात येशूला 'देवाचा कोकरा' म्हटले, त्याने हा दिवस सांगावा यात मला चूक दिसत नाही, हेतू दिसतो. नाताळच्या देखाव्यातही अशीच सरमिसळ होते: मत्तयचे ज्ञानी पुरुष आणि लूकचे मेंढपाळ एकाच गोठ्यात उभे असतात. मत्तयच्या मजकुरात तर ते ज्ञानी पुरुष घरात येतात, आणि ते तीन होते असेही तो कुठे म्हणत नाही.

चारांचे एक करण्याचा मोह जुना आहे. इसवी सन 170च्या सुमारास तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारही कथा गुंफून एक सलग ग्रंथ केला, आणि सिरियातील मंडळ्यांत (चर्चमध्ये) तो दीर्घकाळ वाचला जात असे. पुढे पाचव्या शतकात सायरसचे बिशप थिओडोरेट यांनी त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. त्यांची रीत कठोर वाटेल, पण चारांतील विसंगती डोळ्यांसमोर असूनही मंडळीने चारही जपली, हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616मध्ये गोव्यातील राशोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त येशूचे चरित्र ओवीबद्ध करून एकसलग सांगितले. पण पुराण रचणाऱ्या कवीला असलेली मोकळीक लेख लिहिणाऱ्याने घेऊ नये.

'बायबल म्हणते' असे मोघम लिहून विसंगती झाकणारे आणि त्याच विसंगती दाखवून चारही कथा खोट्या ठरवणारे, हे दोघेही मला सारखेच घाईचे वाटतात. चार साक्षींनी शब्दशः एकच जबानी द्यायला हवी होती, हे दोघांनीही धरून चाललेले असते. तेव्हा या विषयावरील लेख छापताना कोणता प्रसंग मत्तय, मार्क, लूक की योहान यांपैकी कोणाचा, हे प्रत्येक ठिकाणी नमूद करण्यास लेखकांना सांगावे, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक