काका, डाव्या क्रँकचा आवाज थांबला

काका, सादर नमस्कार.

रविवारी पहाटे साडेपाचला निघाले. खडकवासल्याला नेहमीसारखी चहाला थांबले नाही, डोणजे मागे टाकून थेट गोळेवाडीच्या नाक्यावर गेले आणि सिंहगडाचा घाट चढायला लागले. पहिल्या चढाला मुद्दाम उभी राहून पेडल मारलं. सगळा जीव कानात आणि कान डाव्या पायाकडे. चेनची सळसळ आणि माझा श्वास, एवढंच ऐकू आलं. तिथेच ठरवलं की घरी गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायचं. सायकल दुरुस्त झाल्यावर तुमच्या दुकानातून निघताना घाईत जे "थँक्यू काका" म्हटलं, ते फारच अपुरं होतं. आणि हे पत्र सगळ्यांना वाचू देते आहे, कारण असा आवाज घेऊन फिरणारे पुण्यात माझ्यासारखे आणखीही असतील.

डाव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागल्यापासून मला पुढचे गिअर बदलणं जमत नव्हतं. म्हणून पुढच्या तीन चकत्या काढून 32 दात्यांची एकच चकती बसवून घेतली, मागे 11 ते 42 दात्यांची नऊ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच. काम एका दुकानात करून घेतलं. महिन्याभरात डावा पाय खाली जाताना "कट्ट" असा आवाज यायला लागला. त्यांनी क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्याचा, बोल्ट आवळून दिला. आठ दिवसांनी आवाज परत हजर. मग "बीबी गेली" म्हणून बीबी (क्रँक ज्या एक्सलवर बसतात तो एक्सल आणि त्याचे बेअरिंग) बदलली. दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे परत एकदा बदलली. तिसऱ्याने तर फ्रेमलाच तडा गेला असेल म्हणून सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा वर्षं ही सायकल माझ्याकडे आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही बराच वेळ पान्याला हातच लावला नाहीत. नुसतं विचारत राहिलात. आवाज बसून चालवताना येतो की उभं राहिल्यावरच? पेडल थांबवून सायकल नुसती जाऊ दिली तर येतो का? चाकाच्या फेऱ्याला येतो की पायाच्या? मला बोळातून दोन चकरा मारायला लावल्यात आणि स्वतः उंबऱ्यात उभे राहून डोळे मिटून ऐकलंत. मग तुमच्या सायकलची पेडलं काढून माझ्या सायकलला लावलीत आणि पुन्हा चक्कर मारायला लावलीत. आवाज तसाच. मग दोन्ही क्रँक दोन हातांत धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवल्यात. "दोन्ही बरोबर हलल्या तर बीबी. एकच हलली तर ती क्रँक." हलली ती एकटी डावी. म्हणजे बदललेल्या दोन्ही बीबी बिचाऱ्या निर्दोष होत्या!

त्यानंतर तुम्ही जे दाखवलंत ते मी विसरणार नाही. बोल्ट काढलात आणि बॅटरीचा उजेड आत टाकलात. "ताई, इथे बघा." एक्सलचं टोक थेट बोल्टच्या बैठकीपर्यंत आलेलं होतं. तिथे दोन-तीन मिलिमीटरची जागा मोकळी राहायला हवी, ती उरलीच नव्हती. बोल्ट घट्ट होता, पण तो एक्सलच्या टोकावर घट्ट होता, क्रँक दाबत नव्हता. म्हणजे पान्याला कितीही जोर लावा, बोल्ट तिथेच अडणार आणि क्रँक सैलच राहणार.

जुन्या सायकलच्या कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्की करणाऱ्या खिळी, तुम्ही कानशीने घासून बसवायचात, तिथपासून तुम्ही मला समजावलंत. कॉटर ही पाचर आणि हा चौकोनी, निमुळता एक्सलही पाचरच. पाचर अजून आत जाऊ शकते तोवरच ती घट्ट बसते, शेवटाला टेकली की तिचा जोर संपला. पहिल्यांदा बसवताना बोल्ट कमी आवळला गेला असणार, मी तशीच महिनाभर चालवली आणि पोलादी एक्सलने ॲल्युमिनियमचा चौकोन आतून रुंद केला. क्रँक माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "बोट फिरवा." कोपरे गोल झालेले बोटाला स्पष्ट लागले. "पत्रा घालून बसवून देणारे भेटतील. घालू नका, उतारावर पाय निसटेल." आधीच्या दुकानांबद्दल तुम्ही एक वाकडा शब्द काढला नाहीत, तेही माझ्या लक्षात राहिलं.

सर्वांत मोठ्या गिअरवर चेन करकरायची आणि पेडल उलटं फिरवलं की खाली घसरायची, हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. तुम्हीच पट्टी लावलीत. सीटच्या नळीच्या मध्यापासून दात्यांपर्यंत 53 मिलिमीटर, आणि मागच्या कॅसेटचा मध्य 45 च्या आसपास. तीन चकत्यांसाठीचा 122.5 मिलिमीटरचा एक्सल दोन्ही वेळा तसाच नव्याने बसवला गेला होता. तुम्ही 113 चा घातलात. फरक साडेनऊ मिलिमीटरचा, तो दोन बाजूंना निम्मा-निम्मा वाटला गेला आणि चकती पावणेपाच मिलिमीटर आत आली. आता चेन मोठ्या गिअरवरही सरळ चालते.

तुम्ही सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलं आहे. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा, डावा सरळ. पेडलचं नेमकं उलट, तिथे डावं उलट्या आट्यांचं. ग्रीस कपाच्या आट्यांना, एक्सलचा चौकोन मात्र फडक्याने पुसून स्वच्छ. क्रँकचा बोल्ट 40 न्यूटन मीटर, आणि तो अंदाजाने नाही, टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या, पान्याने. बीबीच्या नळीतून काढलेलं पावसाळ्याचं तांबूस पाणी तुम्ही वाटीत धरून मला दाखवलंत, तेव्हापासून सायकल धुतली की सीटचा दांडा वर काढून ठेवते.

170 मिलिमीटर लांबीची डावी क्रँक एकटी मिळायला तीन दिवस लागले. ती आली तसा लगेच फोन केलात. सामानाचे पैसे वेगळे सांगितलेत, मजुरी वेगळी, आणि जुनं सगळं पिशवीत घालून परत दिलंत. माझ्या आधीच्या खर्चापुढे तुमची मजुरी फारच कमी होती. पुढच्या वेळी ती वाढवून घ्या, हे मी मनापासून सांगते आहे.

शंभर किलोमीटरनंतर पाना लावून घ्यायला या म्हणाला होतात. शुक्रवारपर्यंत तेवढे होतील, शनिवारी सकाळी येते. तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलाला दाखवायला ती खराब झालेली क्रँक हवी होती ना, ती घेऊन येते. आतून पुसून ठेवली आहे, कोपरे नीट दिसतील.

तुमची,
वारज्याची निळी सायकल