मत्स्यबीज किती सोडले, आणि कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की गंगापूर, दारणा, मुकणे अशा धरणांत इतके लाख मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्ले, सोडल्याच्या बातम्या छायाचित्रांसह येतात. पिल्लांची लांबी किती होती, ती कोणत्या हॅचरीतली (मत्स्यबीज निर्मिती केंद्रातली), त्यासाठी नर-माद्यांच्या किती जोड्या वापरल्या, हे मात्र कुठेच छापून येत नाही. पुढच्या वर्षी जाळ्यात मासा येणार की नाही, हे याच गोष्टींवर ठरते.

हॅचरीतला मासा आणि नदीतला मासा यांत नेमका काय फरक पडतो, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो सॅल्मनच्या कुळात. नाशिकच्या मॉलमध्ये मिळणारा अटलांटिक सॅल्मन हा समुद्रातल्या पिंजऱ्यात खाद्य घालून पोसलेला असतो, तो इथे बाजूला ठेवू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅचरीत पिल्ले वाढवून नदीत सोडतात. ती समुद्रात जातात, तिथे मोठी होतात आणि अंडी घालायला नदीत परततात. रानटी माशांत ती ओळखू यावीत म्हणून सोडण्यापूर्वी शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापतात. अनेक ठिकाणी असा पर कापलेला मासाच घरी नेता येतो, पर शाबूत असेल तर पाण्यात परत सोडावा लागतो. चवीत दोघांत फारसे अंतर नसते, कारण दोघेही समुद्रातले खाऊनच वाढलेले.

अंतर पडते ते पुढच्या पिढीत. ओरेगनमधल्या हूड नदीत स्टीलहेड या सॅल्मनच्या भाऊबंदावर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. परतलेल्या माशांचे आईबाप जनुकीय चाचणीने शोधले, तेव्हा बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरत असल्याचे दिसले. कारण समजण्यासारखे आहे. नदीत शंभर अंड्यांतली थोडकीच पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचतात, हॅचरीत बहुतेक सगळी जगतात. म्हणजे नदीने ज्यांना बाद केले असते तीही पुढे जातात. शिवाय सिमेंटच्या टाकीत गर्दीत वाढलेल्या पिल्लाचे पर घासून झिजलेले असतात, आणि काठावर सावली पडली की ते खाली दडी मारण्याऐवजी खाद्य येईल म्हणून वर झेपावते. नदीवर ती सावली बगळ्याची असते.

आता आपल्याकडचे पाहू. ओडिशातल्या अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून मेजर कार्पचे (कटला, रोहू, मृगळ यांच्या गटातल्या माशांचे) प्रजनन यशस्वी केले. त्याआधी पुराच्या पाण्यातून गोळा केलेल्या बीजावर भिस्त होती. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे धरणातून उत्पादन हवे तर हॅचरीचे बीज लागणारच. त्याला आमचा विरोध नाही. अडचण वेगळीच आहे. रोहूची मादी किलोमागे साधारण दोन लाख अंडी देते. तीन-चार किलोच्या मोजक्या माद्यांवर एका हॅचरीचा हंगाम निघतो, आणि तिथेच मोह होतो. पाच नर आणि पाच माद्या वापरल्या, तर एका पिढीत सगोत्र (जवळच्या नात्यातले) प्रजनन ५ टक्क्यांनी वाढते. २५ नर आणि २५ माद्या वापरल्या, तर १ टक्क्याने. हीच भावंडे पुढच्या वर्षी जनक (बीजासाठी ठेवलेले नर-मादी) म्हणून ठेवली की वाढ खुंटते, वाकड्या कण्याची पिल्ले निघतात, मर वाढते. त्यात चांगले वाढलेले मासे बाजारात जातात आणि उरलेसुरले जनक म्हणून राहतात. वर्तुळाकार टाकीत कटला-रोहूला एकाच वेळी इंजेक्शन देऊन एकत्र सोडले तर संकर होतात, तेही शुद्ध बीज म्हणून विकले जातात. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेने नॉर्वेच्या सॅल्मन तज्ज्ञांच्या मदतीने जयंती रोहू ही सुधारित जात तयार केली, तेव्हा गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतले रोहू आणून पाया घातला होता. उत्तम हॅचरीलाही मूळ भांडवल नदीच पुरवते.

म्हणून बीज घेणाऱ्या सहकारी संस्थांनी हॅचरीकडे जनकांची नोंदवही मागावी: जोड्या किती, वय काय, बाहेरून नवे जनक शेवटचे कधी आणले. धरणात २५ मिलिमीटरचे बीज सोडणे म्हणजे मरळ आणि शिंगाळा या शिकारी माशांना चारा घालणे आहे. ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकलीच (बोटाएवढी पिल्ले) घ्यावी. मोजणी वाटीने होते, एका वाटीतली पिल्ले मोजून वाट्यांच्या संख्येने गुणतात. नमुन्याची वाटी संस्थेच्या माणसाने स्वतः, तीन वेगवेगळ्या पिशव्यांतून भरावी. त्यातली शंभर पिल्ले पट्टीवर ठेवून पाहावीत. कटल्याचे डोके मोठे, रोहूच्या ओठाला झालर. दोन्ही लक्षणे अर्धवट दिसली तर संकराची शंका घ्यावी. पॅकिंगपूर्वी पिल्ले दिवसभर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवली होती का, हेही विचारावे. भरल्या पोटी पॅक केलेली पिल्ले पिशवीतच विष्ठा टाकतात, अमोनिया वाढतो आणि वाटेतच मर होते.

धरणावर पोहोचल्यावर पिशवी फोडून ओतायची घाई नको. बंद पिशवी १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून धरणाचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे, आणि पिल्ले आपणहून बाहेर पडू द्यावीत. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, जागा भिंतीपासून लांबची, उथळ आणि पाणवनस्पती असलेली. आणि गंगापूरचा विसर्ग चालू असताना तर बीज मुळीच सोडू नये. नाशिकच्या गोदापात्रातल्या, पुराची पातळी सांगणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेले असते त्या दिवसांत सोडलेले बीज सांडव्यावरून वाहून जाऊ शकते. विसर्ग थांबल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठी बोटुकली सोडणे शहाणपणाचे.

हे झाले धरणाचे. नदीचा हिशेब निराळा ठेवावा लागेल. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठच्या टाटांच्या हॅचरीने दख्खनी महसीर या नदीतल्या माशाचे कृत्रिम प्रजनन साधले, हे मोठे काम होते. पण तिथली बोटुकली कावेरीत सोडली गेली आणि ती तिथे इतकी फोफावली, की कावेरीच्या स्वतःच्या कुबडी महसीरला जागा उरली नाही. तो २०१८ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. बीज निरोगी होते, नदी मात्र दुसऱ्याची होती. त्यामुळे धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या ओढ्या-नद्यांत आणि नांदूरमध्यमेश्वरसारख्या रामसर क्षेत्रात (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेत) बाहेरचे बीज, मग ते कितीही स्वस्त असो, सोडू नये.

तिथे बीज फुकट तयार होते, ते चढणीच्या माशांकडून. पहिल्या मोठ्या पावसाला पोटात अंडी घेऊन उथळ पाण्याकडे निघालेले हे मासे बांधाच्या तोंडाशी मच्छरदाणी आणि टोपल्या लावून धरले जातात. मृग ते आश्लेषा एवढी नक्षत्रे ही तोंडे मोकळी राहतील, असा ठराव नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी करावा आणि मत्स्यव्यवसाय विभागाने बीज सोडण्याच्या प्रत्येक बातमीसोबत हॅचरीचे नाव, जोड्यांची संख्या आणि पिल्लांची सरासरी लांबी जाहीर करावी.

आपले,
गोदाकाठचे मत्स्यशेतीशी निगडित वाचक, नाशिक